भुर्र

माझी नात चौदा महिन्यांची आहे. तिला सध्या सात-आठ शब्द येतात. त्यातला पहिला शब्द अम्मी नव्हता, अब्बाही नव्हता. पहिला शब्द होता ‘भुर्र’.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. भुर्र म्हणजे बाहेर फिरायला जाणं. पाखरू उडताना पंखांचा जो आवाज होतो, तोच उचलून कुणातरी आईनं केव्हातरी तो लेकराच्या हाती दिला असावा. आमच्या घरातलं बोलणं हिंदुस्थानी वळणाचं. आमच्याकडे हा शब्द कुणी वापरत नाही. तो शेजारच्या काकूंच्या अंगणातून आला. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. काकू पलीकडून हात पुढे करायच्या, “आण इकडे तिले,” म्हणायच्या आणि पोरगी भिंतीवरून पलीकडे जायची. शब्दही त्याच वाटेनं अलीकडे आला.

मंमं, गाई, चिऊ, काऊ, माऊ, बाऊ. या बाळबोलीला काळ नाही, लिंग नाही, विभक्ती नाही. तरी काही अडत नाही. दाराशी उभं राहून म्हटलेलं ‘भुर्र’ ही विनंती असते. माझी चप्पल ओढत आणून म्हटलं की ती आज्ञा होते. आणि परत घरात शिरताना ओठ काढून म्हटलं की तक्रार. तीस-पस्तीस वर्षं कविता लिहून मला एका शब्दाकडून इतकं काम करून घेता आलेलं नाही.

दुसरी एक गंमत. आमच्या घरात दादा म्हणजे आजोबा. काकूंकडे दादा म्हणजे थोरला भाऊ. ती मला ‘दादा’ म्हणून हाक मारते तेव्हा काकूंची नातवंडं हसतात. भिंत ओलांडली की माझं वय एकदम चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कमी होतं.

आमचं भुर्र पहाटेचं. नागपूरच्या उन्हाळ्यात सातनंतर लहान मुलाला बाहेर काढायची सोय नसते आणि नवतप्यात तर सहालाच भिंती तापलेल्या असतात. घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत माझी दोनशे पावलं होतात. तिच्याबरोबर त्याला चाळीस मिनिटं लागतात. दूधवाल्याच्या कॅनवर टकटक करायची असते. गाय दिसली की ‘हम्मा’ म्हणून मुजरा असतो. नालीच्या झाकणाला भोकं किती, हे बोट घालून पाहायचं असतं. सुरुवातीला मी तिला ओढत होतो. कुठंतरी पोचायचं आहे, ही माझी समजूत होती, तिची नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मी तिला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय दाखवायला नेलं. ते 2002 साली सुरू झालं. अडीच फुटी रुळांवर धावणारी जुनी इंजिनं तिथं जपून ठेवली आहेत. लहानपणी मी त्याच रुंदीच्या गाडीनं इतवारीहून उमरेडला गेलेलो. नागभीडपर्यंतची ती गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 मध्ये बंद झाली. मी इंजिनाकडे बोट दाखवून सांगत होतो आणि नात खाली रांगेनं चाललेल्या मुंग्या पाहत होती. तिच्या हिशेबानं गाडी तीच होती, आणि ती चालूही होती.

हे नुसतं आजोबांचं कौतुक नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही सूचना प्रसिद्ध केल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्याला एका वेळी तासाहून अधिक गाडीत किंवा खुर्चीत अडकवून ठेवू नये आणि या वयात पडद्यासमोर बसवूच नये, असं त्यात म्हटलं आहे. तीन तास! दोन खोल्यांच्या घरात चौदा महिन्यांच्या मुलानं तीन तास हालचाल करायची कुठं? तिथं अंगण आठवतं.

अंगणाची ही किंमत ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखली होती. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड भागात त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. गरिबाचं मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनंच त्याच्या अंगणात जावं, अशी त्यांची साधी कल्पना. महागड्या साहित्याऐवजी खडे, पानं, बिया, शिंपले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पण त्या शब्दात आधी अंगण आहे, हे आपण विसरलो.

आमचं अंगण मागच्या बाजूला आहे. एक लिंबू, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड. पूर्वी पिवळी कण्हेरही होती. तिचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आणि नात प्रत्येक पान चाखून पाहते, म्हणून मी ती काढून टाकली. दगडाजवळची पाण्याची बादली आता रोज पालथी असते. या वयात मुलाचं डोकं जड, ते वाकलं की तोल जातो आणि जीव जायला वीतभर पाणी पुरतं. एवढं सांभाळलं की बाकी माती, काड्या, ऊन-सावली हे सगळं तिचं.

या अंगणावरून आमच्या घरात दोन महिने वाद होता. बाजूची गल्ली सिमेंटची झाली, रस्ता वर आला आणि घर खाली गेलं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी अंगणात उतरतं. मुलगा म्हणाला, “अब्बा, भरण टाकून गट्टू लावून घेऊ. गाडीही आत येईल.” त्याचं चूक नव्हतं. मी म्हटलं, “मग पोरगी खेळेल कुठं? लेकराला माती पाहिजे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आवाज न चढवता म्हणाला, “अब्बा, मला कुणी खेळवलं होतं या मातीत?”

मला उत्तर ठाऊक होतं. काकूंनी. तो लहान असताना मी ऑफिसातून यायचो आणि खोलीत लिहीत बसायचो. त्या दिवसांत मी अंगणावर कविता लिहिली होती. ती छापून आली, लोकांनी कौतुकही केलं. खिडकीबाहेर त्याच अंगणात माझा मुलगा दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाला धरून ‘भुर्र’ म्हणत होता आणि आवाजानं माझी ओळ तुटते म्हणून मी खिडकी लावून घेत होतो. मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

काकू आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. गुडघ्यांमुळे भिंतीपर्यंत येणं होत नाही, म्हणून आमचं रोजचं भुर्र त्यांच्या खाटेपाशी संपतं. परवा त्यांनी विचारलं, “तो नंदी आहे का अजून?” मुलगा दोन वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला त्यांनी त्याला चाकांचा लाकडी नंदी आणून दिला होता. गल्लीतल्या पोरांबरोबर तो घरोघरी नेऊन मुलानं बोजाराही मिळवला होता. माळ्यावर शोधला, सापडला. एक शिंग नाही, चाकं शाबूत.

गेल्या रविवारी मिस्त्री आला, अंगण मोजून चुन्याची रेघ मारून गेला. थोड्या वेळानं नात नंदी ओढत त्या रेघेवर आली. नंदीचं चाक मऊ मातीत रुतलं. तिनं ओढून पाहिलं, मग बापाकडे पाहून म्हणाली, “भुर्र.”

मुलगा मोबाइल खिशात ठेवून खाली बसला. त्यानं चाक मोकळं केलं. नंदी ओळखला बहुतेक, कारण तुटलेल्या शिंगावर त्याचा अंगठा जरा थांबला. मग दोघं लिंबाच्या झाडापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी दारातच उभा राहिलो. ते भुर्र माझं नव्हतं.

संध्याकाळी पाहिलं तर चुन्याची रेघ पायानं पुसलेली होती आणि फाटकाच्या बाजूला आठ-दहा फूट सरकवून नवी मारलेली होती. गाडीपुरते गट्टू लागतील. लिंबाखालची माती राहील. पावसाळ्यात तिथं पाणी साचेल, ते उपसावं लागेल. ते काम मी करीन, असं मी मुलाला सांगितलं आहे.