आठ नंबरचा जोडा



आज मी तुमच्याशी पायातल्या जोड्याच्या नंबराविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. इतिहासाच्या प्राध्यापकाने राज्ये-साम्राज्ये सोडून जोड्यांत कशाला शिरावे, असेही कोणी म्हणेल. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून हा नंबर माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझ्या थोरल्या बंधूंना, म्हणजे आमच्या दादांना, बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो. त्याने फोनवर विचारले, "बाबा, तुमच्या बुटाचा नंबर किती?" दादा म्हणाले, "आठ." मुलाने तिथल्या दुकानातून चांगला मऊ कातड्याचा आठ नंबरचा जोडा घेतला आणि येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर धाडून दिला. दादांना कोण आनंद! दुसऱ्या दिवसापासून जोडा पायात. वहिनी म्हणाल्या, "अहो, जरा आवळ दिसतोय." दादा म्हणाले, "छे, मला तर काहीच लागत नाही!"

श्रोतेहो, सगळा घात या वाक्यात होता. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. जोडा चावत होता, पण चावलेले कळत नव्हते. पाचव्या दिवशी मोज्यावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा करंगळीला जखम झालेली होती. पुढे दोन महिने मलमपट्टी चालली. बोट वाचले, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "आणखी आठवडाभर उशीर झाला असता, तर मला खात्री देता आली नसती."

आता प्रश्न असा, की नंबर आठच सांगितला, आठच आला, मग चूक कुठे झाली? उत्तर असे, की दोन्ही आठ सारखे नव्हते.

आपल्याकडे बुटांवर जो नंबर असतो तो मूळचा इंग्रजी. इंग्रजी मापाचा जीव आहे जवाचा दाणा. तीन दाणे ओळीने ठेवले की एक इंच, असा तिकडचा जुना हिशेब. आपल्या अर्थशास्त्रातही आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे. तेव्हा हसायचे कारण नाही, दाण्याने मोजणे ही सगळीकडचीच रीत. तर इंग्रजी नंबरातला एक अंक म्हणजे एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, अर्थात सुमारे साडेआठ मिलिमीटर.

मोजणी सुरू कुठून होते? लहान मुलांची चार इंचांपासून. तिथे शून्य. तेथून तेरा दाणे पुढे गेले की मुलांचे नंबर संपतात आणि मोठ्यांचे पुन्हा एकपासून लागतात. म्हणून तर तेरा नंबरचा जोडा लहान झालेल्या मुलाला दुकानदार एक नंबरचा काढून देतो आणि आई गोंधळते! मोठ्यांच्या नंबराचा हिशेब सोपा आहे. जोडा ज्या साच्यावर चढवून शिवतात त्याची लांबी इंचांत घ्या, तिनाने गुणा, त्यातून पंचवीस वजा करा. साचा अकरा इंचांचा असेल तर तेहतीस वजा पंचवीस, बरोबर आठ.

अमेरिकेने दाणा तोच ठेवला, पण मोजायला सुरुवात निराळ्या जागेपासून केली. त्यामुळे पुरुषांचा आपला आठ तिथे साधारण नऊ होतो. तिथला आठ म्हणजे आपला सात. दादांचा जोडा एक दाणा आखूड होता, एवढीच चूक! शिवाय तिथे बायकांचे नंबर पुरुषांच्या नंबरांहून एक ते दीड अंकाने पुढे चालतात, ते निराळेच.

युरोपात, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटली इकडे, तिसरीच तऱ्हा. तिथला एक अंक म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, आणि मोजणी सरळ शून्यापासून. साच्याची लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिची दीडपट करायची. आपला अकरा इंची साचा जवळजवळ अठ्ठावीस सेंटिमीटरचा. दीडपट केली की बेचाळीस. म्हणजे एकच जोडा भारतात आठ, अमेरिकेत नऊ आणि युरोपात बेचाळीस!

कोणी म्हणेल, मग एक कोष्टक करून भिंतीवर लावले की झाले. कोष्टके आहेत, पण ती तंतोतंत जुळत नाहीत. कारण पायऱ्याच असमान आहेत. इंग्रजी तीन पायऱ्या चढलात तर युरोपी जवळजवळ चार होतात, पण पुऱ्या चार नाहीत. मधला फरक कारखानदार आपापल्या सोयीने पुढे-मागे ढकलतो. म्हणून एकाच्या कोष्टकात जिथे एक्केचाळीस, तिथे दुसऱ्याच्यात बेचाळीस.

आणि मुख्य म्हणजे हे तिन्ही नंबर साच्याचे आहेत, पायाचे नव्हेत. जपानात मात्र पायाचीच लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतात. मोंडोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धतही पायच मोजते, तोही मिलिमीटरमध्ये, आणि लांबीबरोबर रुंदीही सांगते. बर्फावर घसरण्याचे बूट आणि काही देशांच्या सैनिकांचे बूट याच मापाने देतात. मला विचाराल तर शहाणपणाची पद्धत हीच.

आपण 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत घेतली. शेर गेला, मण गेला, गजही गेला. पण बुटात शिरलेला जवाचा दाणा तसाच राहिला. आता त्याकडेही लक्ष गेले आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपले पाय सर्वसाधारणपणे अधिक रुंद असल्याचे त्यात दिसून आले. ज्याचा पाय रुंद, तो लांबीला मोठा नंबर घेऊन वेळ भागवतो. मग टाच निसटते आणि चालताना पाय अडखळतो. या मोजणीवरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाच्या नव्या मापांची आखणी त्या संस्थेने सुचवली.

तोवर आपण काय करावे? आपले जुने कारागीर करीत तेच. कागदावर पाय ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवावी. मात्र उभे राहून, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजावेत. ते क्वचितच अगदी सारखे असतात, तेव्हा मोठा धरावा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. परदेशातल्या मुलाला नंबर न सांगता हे आकडे सांगावेत. जोड्यात लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी.

आणि घरात मधुमेहाचे माणूस असेल तर आणखी एक. नवी वहाण चावायचीच, थोडे खोबरेल लावा म्हणजे सैल होईल, हा आपला जुना सल्ला त्यांना चुकूनही देऊ नका. त्यांनी नवा जोडा आधी घरातच थोडा वेळ घालावा, काढल्यावर पाय डोळ्यांनी तपासावा. स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याने तपासावा. "लागत नाही" या शब्दावर विसंबू नये.

आमच्या दादांच्या कपाटाच्या दाराला आतून आता एक कागद डकवलेला आहे. त्यावर त्यांच्या दोन्ही पावलांच्या आकृती आहेत. खाली वहिनींच्या अक्षरात लिहिले आहे: डावा 264, उजवा 267. तो अमेरिकी जोडा आमच्या पुतण्याच्या एका मित्राला अगदी बेताचा बसला. त्याच्या पायाचा नंबर, अर्थातच, सात.