दोन सीटांची गाडी



धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिक तयार होतात. अशा शिक्षणासाठी जगभर वापरलं जाणारं एक छोटं विमान म्हणजे सेस्ना १५२. त्यात दोनच सीटा, एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. विमान, माणसं, इंधन मिळून वजन ७५७ किलोच्या वर गेलं तर उडायचं नाही. तिथे “जरा सरकून बसा” चालत नाही. माणसं जास्त असली तर चार सीटांचं विमान घेतात.

आपल्या गटाचा छोटा हत्तीही दोन सीटांचाच. पापड-मसाले बाजारात न्यायला तो पुरतो. पण जळगावला मेळावा असला, मुक्ताईनगरची यात्रा आली, की आपण म्हणतो, “बसा गं मागे, घरचीच गाडी!”

बायांनो, ती मालाची गाडी आहे. मागे माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर मागे बसलेल्यांची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. मग बोजा गाडीच्या मालकावर, म्हणजे आपल्या गटावर.

मग मोठी गाडी घ्यायची का? वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी बारा महिने हप्ता कशाला? रोजच्या कामाची गाडी विकत घ्या, कधीमधीची भाड्याने करा. दर बैठकीला प्रत्येकीने दहा रुपये प्रवासाचे वेगळे काढा, वहीत लिहा. प्रवासी परवान्याची जीप करा, नाहीतर एसटीने जा. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या. रामराम!