पेढी नसलेल्यांची पेढी

जयपूर शहर 1727 साली वसविण्यात आले, तेव्हा त्याच्या आखणीतच बाजारपेठांना मानाची जागा मिळाली होती. सवाई जयसिंहांनी दूरदूरच्या व्यापाऱ्यांना तेथे पाचारण केले. तेथील जोहरी बाजारात आजही पांढऱ्या गादीवर आजोबा बसलेले दिसतात, शेजारी वडील खड्यांची पुडी उलगडीत असतात आणि बारा-तेरा वर्षांचा नातू गिऱ्हाइकाकडे पाहत बसलेला असतो. त्या मुलाला कोणी पाठ देत नाही. परंतु उधारी कोणास द्यावी, भाव कोठे सोडावा, कोणाचा शब्द हुंडीइतका खरा मानावा, हे सारे तो रोज शिकत असतो.

या बाजारापासून काही मैलांवर, शहराच्या आग्नेयेस जगतपुरा नावाचे उपनगर आहे. गेली काही वर्षे माझा मुक्काम तेथे आहे. एके काळी येथे शेते व खेडी होती. आज गेटोर जगतपुरा स्थानकाच्या आसपास वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या आहेत, आणि सुरेश ज्ञानविहार व विवेकानंद ग्लोबल यांसारखी खाजगी विद्यापीठेही येथे आहेत. या वसाहतींत शिवणयंत्रावर काम करणारी गृहिणी आहे, सांगानेरचे छापील कापड दारोदार विकणारा तरुण आहे, डबे पोहोचविणारे कुटुंब आहे. या मंडळींच्या वाट्यास आजोबांची गादी आलेली नाही. मग त्यांनी व्यापार कोठे शिकावा? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

याचे एक उत्तर कम्युनिटी कॉलेज या संस्थेत सापडते. मराठीत तिला समुदाय महाविद्यालय म्हणतात. अमेरिकेत जोलिएट येथे 1901 साली असे दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले. 1947 साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी केले. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 साली असे महाविद्यालय सुरू केले, आणि पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा महाविद्यालयांसाठी देशव्यापी योजना आखली. या शिक्षणाची कल्पना साधी आहे. ते घराजवळ असावे, थोड्या मुदतीचे असावे, भोवतालच्या उद्योगांशी जोडलेले असावे, आणि इच्छा झाल्यास तेथून पुढे पदवीकडे जाता यावे.

यावर एक आक्षेप हमखास ऐकू येतो. “व्यापार का पुस्तकातून येतो? तो गल्ल्यावर बसूनच यायचा!” या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु गल्ल्यावर बसूनही एक गोष्ट राहून जाऊ शकते, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे.

सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावी माझ्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. वडील दररोज रात्री कंदिलाच्या उजेडात कीर्द लिहीत. अक्षर मोत्यासारखे, आणि एका पैची चूक सापडणार नाही. दुकानात गिऱ्हाइकांचीही वाण नव्हती. तरीही एका दिवाळीत असे झाले की वहीपूजन यथासांग पार पडले आणि पाडव्यानंतर माल भरावयास पैसा उरला नाही. वर्षभरात दुकान बंद झाले. आई म्हणे, नशीब. वडील काहीच बोलत नसत. त्याचे खरे कारण पुढे वाणिज्याच्या पहिल्याच वर्गात मला कळले. शिक्षक म्हणाले होते, “दुकान वेगळे आणि दुकानदार वेगळा. दुकानदाराने गल्ल्यातून घरासाठी पैसा उचलला, तर तो त्याच्या नावे लिहावा.” त्या दिवशी वर्गात माझे पुढे लक्ष लागले नाही. वडिलांच्या वहीत घरचे लुगडे, बहिणीचे लग्न आणि दुकानाची साखर एकाच ओळीत बसलेली होती.

ही गोष्ट आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. आकडे सोपेच घेतो. समजा, जगतपुऱ्यातील एका भगिनीने 40,000 रुपये भांडवल घालून सांगानेरच्या छापील चादरी आणल्या. महिन्याभरात त्या सर्व 52,000 रुपयांना विकल्या. त्यांपैकी 10,000 रुपयांची विक्री उधारीची. भाडे व वीज मिळून खर्च झाला 5,000 रुपये. म्हणजे नफा झाला 7,000 रुपये. मात्र याच महिन्यात घरखर्चासाठी तिने गल्ल्यातून 9,000 रुपये उचलले. आता ती गल्ला मोजते, तो हाती 28,000 रुपये! पुन्हा 40,000 रुपयांचा माल आणावा कसा? तिला वाटते, आपण बुडालो. वस्तुतः धंद्यात नफाच झालेला आहे. 28,000 रुपये रोख आणि 10,000 रुपये येणे, असे 38,000 रुपये दुकानाचे आहेत. भांडवल 40,000, त्यात नफा 7,000 मिळवा, उचल 9,000 वजा करा. बाकी तीच, 38,000! ताळेबंद जुळला.

या छोट्या हिशेबाने तिला दोन गोष्टी सांगितल्या. उधारी वसूल करावयास हवी, आणि घराची उचल नफ्याच्या आत ठेवावयास हवी. धंदा बंद करावा, असे मात्र त्याने सांगितले नाही. हे न कळल्यामुळे किती चांगली दुकाने बंद पडत असतील, याचा विचार मनात आला की मला ती कंदिलाची रात्र आठवते. आज भाजीवालाही मोबाईलवर पैसे स्वीकारतो आणि त्या यंत्रात प्रत्येक रुपयाची नोंद राहते, हे खरे. परंतु आलेला रुपया दुकानाचा की घराचा, हे ते यंत्र आपण होऊन सांगत नाही. ते ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

प्राथमिक वाणिज्यशिक्षणातील इतर विषयही असेच जीवनाशी भिडलेले आहेत. अर्थशास्त्र त्या भगिनीस विचारते, “बाई, तुमच्या स्वतःच्या श्रमांचे मोल धरले काय? हेच तास अन्यत्र दिले असते तर काय मिळाले असते?” व्यापारी कायदा तिला 1872 चा करार कायदा समजावून देतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार न्यायालयात टिकत नाही, हे तिला तेथे कळते. पुढे कोणाशी भागी करावयाची झाल्यास 1932 चा भागीदारी कायदा बजावतो की, नोंदणी न केलेल्या भागीदारीला करारातील हक्कासाठी तिऱ्हाइतावर सामान्यतः दावा लावता येत नाही. एका नोंदणीच्या अभावी हक्काचे येणे कसे अडकून पडते, हे आधी कळलेले बरे की मागाहून?

हे शिक्षण आपल्याला परके आहे, असेही कोणी समजू नये. दुनोंदी पद्धतीचे वर्णन पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिस येथे छापले, हे खरे. तथापि कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. जयपूरचा व्यापारीही ‘जमा’ आणि ‘नामे’ म्हणतो आणि आमच्या खतावणीला तो ‘खतौनी’ म्हणतो. मुंबईत 1913 साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले, ते वाणिज्याचे आशियातील पहिले महाविद्यालय. पुण्यात 1943 साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले. माटुंग्याचे 1941 सालचे पोदार महाविद्यालय ज्या घराण्याचे नाव धारण करते, ते घराणे मूळचे राजस्थानातील नवलगढचे. राजस्थानची पेढी आणि महाराष्ट्राची पाठशाला यांची ही जुनी सोयरीक आहे. पुढे कोट्याचे मुक्त विद्यापीठ 1987 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली निघाले, आणि शिक्षण नोकरदारांच्या व गृहिणींच्या दारापर्यंत आले.

अर्थात प्रमाणपत्राने कोणी व्यापारी होत नाही. गिऱ्हाइकाचे मन ओळखणे, मालाची पारख, दिलेला शब्द पाळणे, या गोष्टी वर्गात पुरत्या येत नाहीत. म्हणूनच या महाविद्यालयाने बाजाराकडे पाठ फिरवून चालणार नाही. सांगानेरच्या छापखान्यातील भावाचा कागद आणि विद्यार्थिनीच्या स्वतःच्या दुकानाची वही, हीच तेथील उत्तम क्रमिक पुस्तके होत. आणि शिकविण्याची भाषा तीच असावी, जिच्यात विद्यार्थी गिऱ्हाइकाशी बोलतो.

जोहरी बाजारातील त्या नातवाला आजोबांची गादी आहे, तिचा मला हेवा वाटत नाही. ज्याला ती नाही, त्याला संध्याकाळी दोन तास बसावयास एक बाक मिळावा, एवढीच माझी मागणी आहे. त्या बाकावर बसून त्याने प्रथम वहीचे पान उघडावे, मधोमध एक उभी रेघ ओढावी, आणि एका बाजूस दुकान व दुसऱ्या बाजूस घर लिहावे. माझ्या वडिलांच्या वहीत ती एक रेघ तेवढी राहिली होती.