ऐंशी जागा आणि उरलेला वर्ग



पाचवीत मी नवोदयची परीक्षा दिली. माझा अर्ज अंगणवाडीत काम करणाऱ्या मावशीने आणला होता. मला अपूर्णांक समजावून देणाऱ्या मैत्रिणीचा अर्ज आणणारं कोणी नव्हतं. मी नवोदयला गेले, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहिली.

१९८६च्या शैक्षणिक धोरणाने नवोदय आणली. जिल्ह्यातून सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. त्या शाळेमुळेच मी आज पीएचडी करते आहे, हे मी नाकारणार नाही.

पण त्याच्या वीस वर्षं आधी कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान शाळा सुचवली होती. ती झाली नाही. सरकारने हुशार मुलं वेचली, वर्ग होता तसाच ठेवला.

मला प्रयोगशाळा मिळाली, ग्रंथालय मिळालं, प्रत्येक विषयाला शिक्षक मिळाला. यातलं काय फक्त हुशार मुलांनाच लागतं?

नवोदय बंद करा, असं मी म्हणत नाही. आपण निवडले गेलो, याला नुसती आपली गुणवत्ता म्हणू नका. मागे राहिलेल्या वर्गासाठीही तेवढंच मागा.

जय भीम.