पुलगावची रात्र, सोनेगावची सकाळ



३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेलेली. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या एका शेडला आग लागली आणि पाठोपाठ स्फोट झाले. आगरगाव, नागझरीकडची माणसं लेकरंबाळं उचलून अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. या दुर्घटनेत १९ जण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बाकीचे बहुतेक आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोललं जात होतं, ‘नशीब! दुसरं काय?’ या ‘नशिबा’शीच मला आज भांडायचं आहे.

त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. त्यांत भरलेलं टीएनटी शुद्ध असेल तर साधारण ८० अंश सेल्सिअसला वितळतं. पण त्यात अशुद्ध अंश राहिले, तर ते त्याआधीच पातळ होऊन तेलासारखे बाहेर झिरपतात. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा! पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की झिरपलेला द्रव सांधे-फटींतून वाट काढतो. सुरुंग गळताहेत हे लष्कराला आधीपासून माहीत होतं. दारूगोळा कारखान्यांशी त्याबद्दल पत्रव्यवहारही झाला होता. चौकशीचं बोटही त्या गळक्या सुरुंगांकडेच वळलं.

आता या साखळीतला एकेक निर्णय पाहा. माल सदोष आहे, पण आज परत पाठवला नाही तरी चालेल. दोष कुणाचा ते आधी ठरू द्या. तोवर राहू द्या शेडमध्ये. यातला कुठलाही निर्णय घेणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या टेबलावर त्याहून तातडीच्या दहा फायली असतात. आणि काल काही झालं नाही, हाच आज काही होणार नाही याचा पुरावा वाटू लागतो. मला सगळ्यात भीती या पुराव्याची वाटते. योगायोगाच्या हाती उरतं फार थोडं: रात्र कोणती आणि पाळी कुणाची.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, तेही असंच. जहाजात स्फोटकं होती, आणि कराचीला त्यातच कापसाच्या गाठी चढवल्या गेल्या. युद्धाचे दिवस, जागा रिकामी कशी ठेवायची? कापूस कसा पेटतो, आतल्या आत कसा धुमसतो, हे जिनिंगच्या आवारात उभं राहिलेल्या वर्धेकराला कुणी शिकवायला नको. मुंबईत आल्यावर स्फोटकांचा इशारा देणारा लाल बावटाही जहाजावर लागला नाही. तिथेही आगीला सामोरे गेलेले बंबवाले गेले. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात.

पुलगावनंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, पुलगावजवळच्याच सोनेगाव आबाजीच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करायचं काम होतं. पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदार. मुदत संपलेला माल नष्ट करण्याचा निर्णय योग्यच होता. पण पेट्या वाहायला कोण येणार, त्याला काय सांगायचं, एका वेळी किती जणांनी जवळ उभं राहायचं, हे सगळं शेवटी ठेकेदाराच्या सकाळच्या हाकेवर येऊन थांबतं. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचा हंगाम. आज वेचणीला जायचं की मैदानावर, हे हातावर पोट असलेला माणूस भाकर बांधता बांधता, मजुरी कुठे जास्त एवढं पाहून ठरवतो. त्याच्याही त्या छोट्या निर्णयाला आपण अपघाताचं कारण म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पेटीत काय आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्याचा निर्णय आणि ज्याला ठाऊक नव्हतं, त्याचा निर्णय एका तराजूत घालता येत नाहीत.

म्हणून पुलगाव आणि सोनेगाव ज्यात येतात त्या देवळी तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने एक गोष्ट लेखी मागावी, असं मला वाटतं. मैदानावर मजूर नेण्याआधी पेटीत काय आहे, ती कशी उचलायची आणि काय दिसलं तर पळायचं, हे त्याला मराठीत, तोंडी, साक्षीदारासमोर सांगितलं गेलं पाहिजे. आणि ते ऐकून जो ‘मी येत नाही’ म्हणेल, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडता कामा नये.