वळिवड्याचे पोलिश गाव



पत्रिकेवर आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींना प्रश्न पडला असेल, की पोलंडचे निर्वासित आणि आपले दुसरबीड यांचा संबंध तो काय? संबंध थोडा लांबून लागतो, पण लागतो. जिजाऊसाहेब आपल्या तालुक्याच्या. सिंदखेडच्या या लेकीच्या वंशाची एक गादी कोल्हापूरला आहे. त्या कोल्हापूर संस्थानात, शहराजवळच्या वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश माणसांचे एक गाव नांदत होते. त्या गावाची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरचे सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसले आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाचे. देशाचे दोन तुकडे झाले. जर्मन अंमलाखाली काय घडले ते आपण पुष्कळ ऐकले आहे. पूर्वेकडच्या तुकड्याची गोष्ट मात्र आपल्याकडे कमी सांगितली जाते. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री तिथे पहिली धरपकड झाली. दारावर थापा पडल्या, हाताला लागेल ते बांधून घेण्यापुरता वेळ मिळाला आणि शेतकरी, वनरक्षक, त्यांच्या बायका, मुले, म्हातारी माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंडली गेली. गाड्या उत्तर रशियाकडे व सैबेरियाकडे निघाल्या. पुढच्या फेऱ्यांतील पुष्कळांना कझाकस्तानात सोडले. मे महिन्यात इथे पंख्याखाली बसून आपण उकाड्याची तक्रार करतो. त्या थंडीची कल्पना आपणांस यावी कशी?

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा कालचे कैदी एकाएकी मित्र ठरले. जुलैअखेर करार झाला, सुटका झाली. जनरल आंदर्स यांनी रशियातच पोलिश सैन्य उभारायला घेतले आणि हाडांचे सापळे झालेली माणसे त्याच्या मागोमाग दक्षिणेकडे चालू लागली. १९४२ साली ही मंडळी कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. लढू शकणारे पुरुष पलटणीत राहिले. उरल्या त्या बायका, मुले आणि वृद्ध. त्यांनी जायचे कोठे?

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आधार दिला, हे नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. वळिवड्याची वसाहत त्याहून पुष्कळ मोठी, पण तिचे नाव मागे पडले. इथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'आम्ही त्यांना आश्रय दिला' असे आपण छाती फुगवून म्हणतो, ते पुरते खरे नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अगदी लहान मूल होते, महाराणी ताराबाई रीजंट होत्या आणि युद्धकाळाची सारी सूत्रे इंग्रज सरकारच्या हाती होती. वसाहतीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील पोलिश सरकार सोसत होते. कोल्हापूरने जागा दिली, पाणी दिले, शेजार दिला. हे थोडे नव्हे. पण उभे राहण्याचे श्रेय ज्याचे त्यालाच द्यावे.

आणि त्या बायका उभ्या कशा राहिल्या! रेल्वे स्टेशनाजवळच्या माळावर कौलारू बराकींच्या रांगा होत्या. त्यांत प्राथमिक शाळा निघाल्या, हायस्कूल निघाले, मुलींना हातकाम शिकविणारे वर्ग निघाले. चर्च झाले, दवाखाना झाला, नाटकाचा रंगमंच झाला, बालवीरांची पथके झाली. बराकीपुढे फुलझाडे लागली. आता, ज्या जागी आपण कायमचे राहणार नाही हे पक्के ठाऊक आहे, तिथे फुलझाड कोण लावतो? धरणात गाव गेलेला माणूस आपल्या भागात शोधावा लागत नाही. त्याला विचारा. तात्पुरत्या शेडमध्ये चूल मांडताना हात किती जड होतो, ते तो सांगेल. या बायकांचे नवरे आणि वाढती मुले त्या वेळी इटलीत लढत होती. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने माँते कॅसिनोचा डोंगर जिंकला. त्या विजयाच्या वार्तेबरोबर कोणाकोणाच्या घरी कोणती पत्रे आली असतील, ते आम्ही सांगत बसत नाही.

खरा घाव पुढेच होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाच्या पदरात टाकला. जुलैमध्ये इंग्लंडने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांच्या बाजूने लढले ते जिंकले आणि यांचे घर मात्र परक्या देशात गेले! परतायचे म्हणजे ज्यांनी मालगाडीत कोंडले त्यांच्याच राज्यात परतायचे. म्हणून थोडेच लोक पोलंडला गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले आणि त्यांनी तिसऱ्यांदा संसार मांडला. एका तरुणीने कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केले, मराठी नाव घेतले आणि ती तिथेच राहिली. वळिवड्याच्या शाळेत शिकलेली मुले लंडनमध्ये मंडळ स्थापून एकमेकांना धरून राहिली. हिंदुस्थानातील त्या वर्षांचा जाडजूड ग्रंथही त्यांनी सिद्ध केला.

१९४८ साली वसाहत मोडली, पण बराकी ओस पडल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे तिथे आली. एका निर्वासिताने झाडलेल्या ओसरीवर दुसऱ्याने आपली वळकटी टेकली. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला आम्हीही दोनतीनदा तिथे गेलो होतो. आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते.

वॉर्सा शहरात माँते कॅसिनोच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचेही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे फुले वाहून आले, तेव्हा वर्तमानपत्रांतून चार दिवस चर्चा झाली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाला ८० वर्षे झाली म्हणून वळिवड्यात वाढलेली काही मंडळी पुन्हा कोल्हापूरला आली होती. तेव्हाची मुले आता काठी टेकत चालत होती, आणि जुने गाव पाहायला निघाली होती.