नोंद हेच पहिले शस्त्र



जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याने अत्यवस्थ झालेला रुग्ण अतिदक्षता विभागात येतो. कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे प्रयोगशाळेकडून कळण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. औषध मात्र तातडीने सुरू करावे लागते. म्हणजेच पहिली निवड अनुमानाने होते. हे अनुमान कशाच्या आधारावर उभे असते, हा खरा प्रश्न आहे.

प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्त, लघवी वा पू यांचा नमुना घ्यावयाचा असतो. त्यातील जिवाणू वाढवून अगारच्या थाळीवर पसरतात आणि त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवतात. गुणकारी औषधाभोवती जिवाणूंची वाढ थांबून स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून निर्णय दिला जातो. हीच ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ चाचणी.

एका अहवालाने एका रुग्णाचे उपचार सुधारतात. वर्षभराचे अहवाल एकत्र मांडले, की संपूर्ण रुग्णालयाचे चित्र उभे राहते. या तक्त्यास ‘अँटिबायोग्राम’ म्हणतात. त्यालाही शिस्त आहे. त्या काळातील एका रुग्णाचा त्या जिवाणूचा पहिलाच नमुना धरावयाचा, आणि एका जिवाणूचे किमान ३० नमुने झाल्याखेरीज टक्केवारीवर विसंबावयाचे नाही. असा तक्ता नसेल, तर डॉक्टर भीतीपोटी सर्वांत प्रबळ औषधाकडे वळतात आणि अखेरचे शस्त्रही बोथट होते.

२००८ साली भारतात उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही निष्प्रभ करणारे विकर आढळले. त्यास नवी दिल्लीचे नाव देण्यात आले. २०१० साली त्यावरून देशात संताप उसळला आणि तो स्वाभाविक होता. परंतु आरोपाला खरे उत्तर स्वतःच्या विश्वसनीय नोंदींनीच देता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रतिरोध-निरीक्षणाचे जाळे २०१३ साली उभे राहिले. मोठ्या रुग्णालयांपुरती ही शिस्त पुरेशी नाही. ती जिल्ह्या-तालुक्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

यात कुटुंबांचेही कर्तव्य आहे. सर्दी-पडशाचे कारण बहुधा विषाणू असतात. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. मागील आजारातील उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, चिठ्ठीवाचून औषध मागू नये. रुग्ण रुग्णालयात असेल तर ‘कल्चरसाठी नमुना घेतला का?’ असे नम्रपणे, पण अवश्य विचारावे. मात्र त्यासाठी तातडीचे उपचार खोळंबू नयेत.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. त्या पिढीने औषध मिळवून दिले. त्याचा गुण टिकवणे हे या पिढीचे दायित्व आहे.